थोरलीचा फेस

माझं नाव सत्यभामा. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्या घणसोली गावाला माहीत आहे, तेव्हा ते आधीच सांगून मोकळी होते. माझ्या नवऱ्याचं नाव पोपट, आणि आईसमोर या माणसाच्या तोंडून चकार शब्द फुटत नाही. घरातलं बोलायचं खातं माझ्याकडे आणि सासूबाईंकडे. दोघींपैकी कोणीच त्यात कसूर करत नाही.

भाजीचं मार्केट मुंबईतून वाशीला आलं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आम्हाला ते मार्केट म्हणजे लॉटरीच लागली होती. गाळ्यांबाहेर कोबी-फ्लॉवरच्या पाल्याचे ढीग पडायचे. हे आपल्या एम-एटी गाडीला दोन्ही बाजूंनी पोती लटकवून जायचे आणि घरच्या गायींसाठी भरून आणायचे. भातशेती कधीच टाउनशिपमध्ये गेली होती. आमच्या खाचरांवर सेक्टर उभे राहिले होते आणि त्याच सेक्टरांतल्या सोसायट्यांना आम्ही दूध घालायचो.

"माज्याच शेतावर बसून माजाच दूध पितात," सासूबाई म्हणायच्या, "आनि वर म्हनतात, पातल हाय!"

सासूबाईंचं नाव राहीबाई. अंगाने काटक, आवाज असा की बोळाच्या एका टोकाला शिंकल्या तर दुसऱ्या टोकाचं मांजर पळावं. मी घाटावरची, माहेर ओतूरचं. माझा धाकटा भाऊ बाजीराव कांद्याचा ट्रक घेऊन वाशीला यायचा, तिथे यांची-त्याची ओळख झाली. ओळखीची दोस्ती झाली आणि दोस्तीतून माझं लग्न. सासूबाईंच्या ते पचनी पडलं नव्हतं. गावात आपल्या आगऱ्यांच्या पोरी काय संपल्या होत्या, असं त्या म्हणायच्या, आणि मी ऐकावं एवढ्या मोठ्याने म्हणायच्या. मी भाकरीला हात लावला की "घाटावरची भाकरी", भाजीला लावला की "घाटावरचा तिखट". माझं डोकं असं फिरायचं म्हणून सांगू!

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा बाजीरावने कांद्याच्या ट्रकमधून एक गाय आणली. "ताई, ही तुला," म्हणाला. काळी-पांढरी, दोन जातींच्या मिलाफाची, नुकतीच व्यालेली, आणि कास अशी की बघणाऱ्याने दृष्ट काढावी. आम्ही तिला बांडी म्हणायला लागलो. सासूबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, कास बघितली, दात बघितले आणि शेवटी पाय बघितले. चारही पाय पांढरे होते.

"पांडऱ्या पायाची हाय," त्या म्हणाल्या. बोलल्या गायीबद्दल आणि बघत होत्या माझ्याकडे.

मी काय बोलले ते इथे सांगत नाही. बाजीराव मात्र चहा न पिताच ट्रककडे गेला.

आमच्या गोठ्यात धार काढायची एक रीत होती. गोठ्यात सगळ्यात म्हातारी गाय म्हणजे थोरली. आमचं शेत गेलं त्या वर्षी ती जन्मली. पुढे सासरे गेले, नणंदा लग्नाच्या झाल्या, हे लहान होते, आणि त्या सगळ्या ओढगस्तीत थोरलीच्या दुधाने घर तारलं. त्यामुळे पहिला मान थोरलीचा. धार तिचीच आधी काढायची आणि तिच्याखाली बसायचं फक्त सासूबाईंनी. बसल्या की चारी सडांची एकेक धार पितळी वाटीत घ्यायच्या आणि वाटी गोठ्यातल्या कोनाड्यात शेंदूर लावलेल्या देवापुढे ठेवायच्या. मग थोरलीची बादली भरली की वरचा फेस ओंजळीत घेऊन प्रत्येक गायीच्या सडांना लावत फिरायच्या. आधी तांबडी, मग कपिला, मग बांडी. "थोरलीची बरकत," म्हणायच्या. सड ओले झाले की धारही सोपी जाते, ते वेगळंच.

खरं सांगते, मला ते बघून बरं वाटलं होतं. बांडीला नावं ठेवली, पण फेस लावायला विसरल्या नाहीत. म्हटलं, चला, गायीला तरी घरात घेतली.

पहिला महिनाभर बांडीने नुसता दुधाचा पूर आणला. हे शीळ घालत दूध पोचवायला जायचे. आणि एक दिवस सोसायटीतून तोंड पाडून परत आले. किटली भरलेलीच होती.

"काय झालं?"

"गीतांजलीबाईंचा चहा फाटला."

गीतांजलीबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते आणि ऐन वेळी चहात दुधाचा चोथा आणि पाणी वेगळं झालं. बाईंनी खिडकीतून हाक मारून अख्ख्या सोसायटीला सांगितलं की पोपटच्या दुधात काहीतरी गडबड आहे. बाकीच्यांनीही मग भराभर दारं लावली. "मला तर जिन्यावर उभं राहायची लाज वाटली," हे म्हणाले. एवढं लांबलचक वाक्य ते एरवी बोलत नाहीत, त्यावरून किती टेन्शन आलं होतं ते कळावं.

मी थेट बांडीकडे गेले. मागचा उजवा सड तापलेला होता आणि कासेचा तो भाग हाताला टणक लागत होता. धार हातावर घेतली तर दुधात दह्यासारख्या बारीक गुठळ्या. आमच्याकडे याला दगडी म्हणतात, कास दगडासारखी होते म्हणून.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तळहातावरच्या गुठळ्या बघितल्या आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"आमच्या गोठ्यात ह्यो रोग कंदी नव्हता. ही आली नि आला." मग त्यांनी कोनाड्यातल्या देवाकडे हात केला. "जिच्या कासंत खोट, ती माज्या गोठ्यात ऱ्हानार नाय. गावदेवीची आन हाय मला. गुरुवारी तुजा भाव कांदा घेऊन येनार ना? रिकाम्या गाडीतनं गाय परत ने म्हनावं."

मी यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते.

मला गायीचं वाईट वाटलंच, पण नुसतं गायीचं नव्हतं. माहेरहून आलेली गाय खोटीची म्हणून त्याच ट्रकमधून ओतूरला परत गेली, की माझ्या आईला चार बायका काय विचारणार? आणि या घरात मी पुढे कोणत्या तोंडाने बोलणार? आज बांडी परत, उद्या भाकरी करपली तरी सासूबाई म्हणणार, बघा, घाटावरचं काही आमच्याकडे टिकत नाही. मी ठरवलं, बांडी जाणार नाही. कसं ते ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरकारी दवाखान्यातल्या धम्मपाल डॉक्टरांना घेऊन आले. तरुण माणूस, परभणीकडचा, बोलायला मऊ. स्कूटरच्या डिकीतून त्यांनी एक पांढरं पसरट भांडं काढलं. त्याला चार खण होते, फरसाणाच्या ट्रेसारखे. बांडीच्या एकेका सडाचं थोडं दूध एकेका खणात घेतलं, त्यात बाटलीतलं जांभळं पाणी ओतलं आणि भांडं हातात धरून गोल गोल फिरवलं. तीन खणांत दूध पाण्यासारखं पळत होतं. चौथ्यात ते घट्ट झालं आणि जेलीसारखं एकत्र गोळा होऊन थुलथुल हलायला लागलं.

"हा सड आजारी आहे," डॉक्टर म्हणाले. "दुखण्याशी झुंजलेल्या पेशी दुधात उतरल्या, की हे औषध त्यांना धरून असं घट्ट होतं. दूध निरोगी असलं तर पातळच राहतं."

"ऐकलास?" सासूबाई मला म्हणाल्या. "डाक्टर पन तेच बोलतंय."

"पण मावशी, ही गाय आली तेव्हा दूध चांगलं होतं ना? मग लागण इथेच कुठेतरी झाली. सगळ्या गायी तपासू या. एखादी गाय वरून अगदी ठणठणीत दिसते, खाते-पिते, दूधही पांढरंशुभ्र, आणि दुखणं आतल्या आत. ते हातांवरून दुसरीला जातं."

असं म्हणत डॉक्टर जवळच बांधलेल्या थोरलीकडे वळले. झालं! सासूबाई मध्ये आडव्या उभ्या राहिल्या.

"थोरलीला हात लावायचा नाय. हिच्या दुधावर माजी पोरा वाढली. हिची परीक्षा घेनार तुमी?"

डॉक्टरांनी हात जोडले. बांडीच्या सडात औषधाची नळी सोडली, ते दूध फेकून द्यायला सांगितलं आणि स्कूटरकडे निघाले. मी मागोमाग बोळाच्या तोंडापर्यंत गेले.

"डॉक्टर, ते जांभळं पाणी मला बाटलीभर देता का?"

"एकच बाटली आहे हो, ताई. पण कपडे धुवायची पावडर आहे ना घरात? थोडी पाण्यात नीट विरघळवा आणि तेवढ्याच दुधात घालून फिरवा. पक्कं निदान मी करीन, पण संशय फेडायला ती पुरते."

मी घरी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून पावडरची नवी पुडी घेतली. हे विचारायला लागले, आहे ना घरात, मग कशाला. मी म्हटलं, तुमचे शर्ट फार मळतात.

आता दूध कुठून आणायचं? बादलीत तर सगळ्या सडांचं एकत्र होतं आणि थोरलीखाली सासूबाईंशिवाय कोणी बसायचं नाही. विचार करता करता गुरुवार उजाडला. सकाळी सासूबाई धार काढून बादल्या आत घेऊन गेल्या. मी शेण भरत होते आणि समोर कोनाड्यात देवापुढे पितळी वाटी होती. थोरलीच्या चारी सडांची पहिली धार, ताजी, कोणी हात न लावलेली. मी शेणाचं घमेलं खालीच ठेवलं.

देवाला म्हटलं, बाबा, माफ कर, तुझं दूध मी तुला परत आणून देते. हात धुतले, वाटी उचलली, मोरीशी गेले आणि पावडरचं पाणी वाटीत ओतून फिरवायला लागले.

थोडं फिरवलं, नुसताच फेस. आणखी फिरवलं. मग वाटीतलं दूध एकदम जड झालं. वाटी कलती केली तर दूध धारेने ओघळेना. शेंबडासारखा एक गोळा काठापर्यंत आला आणि तिथेच लोंबकळला.

"काय करतेस गो?"

सासूबाई दारात. त्यांची नजर आधी वाटीवर गेली, मग पुडीवर.

"देवाच्या दुधात साबन?" बोळातली सगळी दारं त्या आवाजाने उघडली. "अगो सत्यभामे, साबन घातलास? देवाच्या वाटीत? पोपट! ये, बघ तुजी बायको काय करते ती!"

हे आले, बघितलं आणि जागच्या जागी उभे राहिले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण भीतीही तेवढीच वाटत होती. मी वाटी त्यांच्यासमोर धरली.

"आई, ओरडा नंतर. आधी बघा. हे थोरलीचं दूध आहे. डॉक्टरांच्या भांड्यात बांडीचं झालं होतं, तस्संच झालंय."

"साबनानी होनारच असा! कंचा बी दूध घे, असाच होईल."

"होईल? मग तुमच्या हाताने करून बघा. माझ्यावर विश्वास नाही ना? मी हात लावत नाही. चारी गायींचं घ्या, प्रत्येक सडाचं वेगळं घ्या."

सासूबाईंना तेवढंच हवं होतं. मला खोटं पाडायची संधी आली की त्यांना अंगात बळ येतं. ताडताड आत गेल्या, मिसळणाचा डबा उचलला, त्यातल्या मोहरी-जिऱ्याच्या वाट्या ताटात उपड्या केल्या आणि वाट्या पाण्याखाली घाईघाईने विसळून गोठ्यात आणल्या. मी पावडरचं पाणी करून त्यांच्या हाती दिलं आणि हात मागे बांधून भिंतीला टेकून उभी राहिले. शेजारच्या बायका दारात जमल्या.

सुरुवात बांडीपासून केली. माझं खोटं बांडीवरच उघडं पाडायचं होतं ना! पहिल्या वाटीत पाणी ओतलं आणि किंचाळल्या, "रगत! रगत आला!"

वाटी लालभडक झाली होती. बायका मागे सरकल्या. यांनी तर भिंत धरली. मीही दचकले, पण क्षणभरच. मग मला हसू आवरेना.

"आई, ती हळदीची वाटी आहे! नीट धुतली नाहीत. साडीवरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, रोज धुण्यात बघता की!"

बायका खो खो हसल्या. सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण हट्ट सोडायची बाई नव्हे. वाटी राखेने घासून आणली आणि पुन्हा बसल्या. यावेळी बांडीच्या तीन वाट्यांत दूध खळखळ फिरलं, अगदी पातळ. साबण होता, तरी पातळ. चौथीत घट्ट झालं, ते आम्हाला माहीतच होतं. मग कपिला केली. सगळं पातळ. तांबडीचं एका वाटीत किंचित चिकट आलं.

मग त्या थोरलीखाली बसल्या. एरवी बसताना तिच्याशी बोलतात, त्या दिवशी बोलल्या नाहीत. चार वाट्या भरल्या, पाणी घातलं आणि एकेक वाटी फिरवत गेल्या. पुढच्या दोन बऱ्या होत्या. मागची डावी घट्ट झाली. मागची उजवी तर अशी झाली की त्यांनी वाटी पालथी केली तेव्हा सगळा गोळा एकदम खाली पडला.

थोरली शांतपणे कोबीचा पाला खात होती. तिला काही दुखत होतं असं कोणालाच वाटलं नसतं. सासूबाईंनी तिच्या कासेवरून हात फिरवला आणि मग तोच हात उलटा करून बघितला.

"मीच लावला," त्या हळूच म्हणाल्या. "फेस. रोज, माज्या हातानी. सगल्यांना."

दारातल्या बायका गुपचूप आपापल्या घरी गेल्या. मी खूप दिवस वाट बघितली होती या क्षणाची. कसं बोलायचं, काय काय सुनवायचं, सगळं तोंडपाठ होतं माझं. आणि आता ती बाई गोठ्यात उकिडवी बसली होती, समोर मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या. जीव तुटला माझा. एवढी भांडखोर मी, आणि मलाच रडू येत होतं.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी ट्रकचा हॉर्न वाजला. बाजीराव कांदा उतरवून आला होता. आमच्या बोळात ट्रक शिरत नाही, म्हणून तो चालत आला. चेहरा पडलेला; यांचा निरोप त्याला मार्केटमध्येच मिळाला होता. बांडीला बघायला निघालेले धम्मपाल डॉक्टर त्याला बोळाशी भेटले, त्यांच्याबरोबरच आला होता.

"मावशी, आलो गाय न्यायला," तो म्हणाला. तुटकच बोलला. त्याचंही मन दुखलं होतंच.

सासूबाई उठल्या. दाव्याची गाठ सोडली आणि दावं त्याच्या हातात दिलं. बाजीरावने दाव्याच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. तिथे थोरली होती.

"ही?"

"हीच. आन घेतली होती मी. जिच्या कासंत खोट, ती ऱ्हानार नाय. माजी गाय म्हनून आन काय मोडते?"

बाजीराव माझ्याकडे बघायला लागला. मी डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी घाईघाईने पांढरं भांडं काढलं. थोरली तपासली. कोणी अडवलं नाही. तेच निघालं.

"मावशी, हिला घालवायची गरज नाही," ते म्हणाले. "दुखणं जुनं आहे, वेळ लागेल, कदाचित एखादा सड जाईलही. पण औषध करू. सगळ्यांसाठी एवढंच करा: फेस लावणं बंद. प्रत्येक गायीनंतर हात साबणाने धुवा. पहिली धार काळ्या ताटलीत घेऊन गुठळी आहे का बघा. आजारी सडाचं दूध बादलीत नको. आणि धार निरोगी गायींची आधी काढायची. आजारी गायीची सगळ्यात शेवटी."

"शेवटी?" सासूबाईंनी मान वर केली. "थोरली शेवटी?"

"हो. एवढं पाळावंच लागेल."

"मग जाऊ दे तिला. जन्मभर पयली उभी ऱ्हायली ती. आता सगल्यांच्या मागं, उरल्यासुरल्यासारकी? त्यापरीस जाऊ दे. बाजीरावा, ने."

बाजीरावने दावं धरलं खरं, पण पाय उचलेना. हे पुढे आले. मला वाटलं, आता तरी बोलतील. त्यांनी थोरलीच्या मानेवर हात ठेवला आणि ढसाढसा रडायला लागले. घ्या! या घरात बोलायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात.

"आई," मी म्हटलं, "माझ्या लग्नात हळदीला सगळा गाव जेवला. तुम्ही कधी जेवलात?"

"आता ह्यो काय मधीच?"

"सांगा ना. कधी जेवलात?"

"सगल्यांच्या मागून. पानं उचलली तवा."

"का? कोणी उरलंसुरलं म्हणून वाढलं तुम्हाला?"

"कोन वाढील मला उरलंसुरलं?" सासूबाई एकदम पहिल्यासारख्या कडाडल्या. "घरची मालकीन हाय मी! गाव जेवल्याबिगर मालकीन कशी बसंल?"

"मग या गोठ्याची मालकीण कोण आहे?"

डॉक्टरांनी भांडं धुवायला घेतलं, उगाचच. थोरलीने बाजीरावच्या शर्टाची बाही चाटली.

"कपिला, तांबडी, बांडी, सगळ्या आधी," मी म्हटलं. "सगळ्या गोठ्याचं झालं की मग थोरली. तुमची आण खोट निघालेली गाय घालवायची होती ना? बांडीची खोट औषधाने जाणार, थोरलीचीही जाईल. खोट घालवू. गाय कशाला घालवायची?"

सासूबाईंनी बाजीरावच्या हातून दावं घेतलं, थोरलीला तिच्या जागेवर नेलं आणि स्वतःच्या हाताने बांधलं. कोनाड्यातल्या देवापुढे जाऊन नाक घासलं, काय बोलल्या ते देवालाच माहीत. परत येताना बांडीजवळ थांबल्या. तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "सांजच्याला देवाची धार हिची. बऱ्या तीन सडांची."

बाजीराव खाली मान घालून हसत होता. "मावशी, मग मी रिकामाच जाऊ ओतूरला?"

"रिकामा कशाला? जेवून जा. डाक्टर, तुमी पन." मग माझ्याकडे वळून, "आनि तू, देवाची वाटी घासून आन. पुन्ना साबन घालशील तर बघ."

दुपारी वांगं-सोडे केले होते, सोडे म्हणजे सुकी कोळंबी, आणि भात. आमच्या घरात पुरुष आधी बसतात, मग सासूबाई, आणि सगळ्यांचं आवरलं की मी, मोरीशेजारी, उरलेल्या कालवणात भात कालवून. वर्षभर तसंच चाललं होतं आणि माझा राग त्यावरही होता, पण तो मी मनात ठेवला होता. हे बसले, डॉक्टर बसले, बाजीराव बसला. मी परात घेऊन वाढायला निघाले, तर सासूबाईंनी ती माझ्या हातून काढून घेतली. बाजीरावच्या शेजारी आणखी एक पाट मांडला आणि ताट ठेवलं.

"बस."

"मी? आई, तुमचं व्हायचंय अजून."

"बस म्हनते ना! गोठ्यात मला शिकवतेस आनि घरात समजत नाय?" त्यांनी माझ्या ताटात भात वाढला, त्यावर कालवण घातलं, सोडे वेचून वेचून घातले. "तू आदी जेव. माजं मागून. मालकीन हाय मी."

मी बसले. पहिला घास घेतला आणि असा ठसका लागला की डोळे वाहायलाच लागले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घाटावरची हाय, तरी तिखट सोसत नाय हिला."